दोन सारख्या परांची मुशी

पुस्तकात बघून मासा ओळखतात, एवढं मला कळलं. पण ज्यानं तो मासा सगळ्यात पहिल्यांदा ओळखला, त्यानं कुठल्या पुस्तकात बघितलं?

हा प्रश्न मी दादाला विचारला होता. तो हसला आणि म्हणाला, "उद्या सांगतो." त्याचा हा उद्या सात-आठ वर्षं चालला! मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या दादालाच विचार." दत्तूमामांना विचारलं, तर ते म्हणाले, "धाकलं सर, तुमी आपला टेम्पो चालवा."

नववी नापास माणसाला उत्तर कोण देणार!

पण प्रश्न घेऊन त्या लॅबमध्ये जायचो आणि येताना एक किस्सा घेऊन यायचो. किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माझ्या टेम्पोत बर्फ वितळून पाणी साठतं ना, तसे ते आपले आपण साठतात. करकचून ब्रेक मारला की सगळं पाणी एकदम पुढं येतं. गेल्या गणपतीनंतर दादा गेला. तेव्हापासून माझे सारखे ब्रेक लागतायत. म्हणून म्हटलं, लिहून काढू.

तर माणसं आधी सांगतो, चारच आहेत. माझा मोठा भाऊ विलासदादा, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. शैलामॅडम, त्याच्या डिपार्टमेंटच्या हेड. दत्तूमामा, लॅबचे शिपाई, रोज हुपरीहून एस.टी.नं यायचे. आणि मी बंडू, देवगड बंदरावरून कोल्हापूरच्या मासळी बाजारात टेम्पो आणणारा.

दादाचा जीव मुशीवर. मुशी म्हणजे शार्क. आता कोल्हापूर कुठं, समुद्र कुठं! पंचगंगेत म्हशी डुंबतात, मुशी नाही. पण त्या काळी बी.एस्सी.च्या प्रत्येक पोराला प्रॅक्टिकलला एक छोटी मुशी कापायला लागायची. त्या मुशा मी पुरवायचो. एका घरातले दोघं एकाच माशावर जगत होतो, तो डोक्यानं आणि मी टेम्पोनं.

०

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट असेल. दादा सुट्टीत माझ्याबरोबर बंदरावर आला होता. येताना गगनबावड्याला टेम्पोनं मान टाकली. दादाला दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल. त्यानं तीन फुटांची एक मुशी ओल्या पोत्यात गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि कोल्हापूरची एस.टी. पकडली. मीही मागोमाग चढलो. टेम्पो क्लीनरच्या हवाली केला.

कंडक्टर आला. पोत्याकडं बघून म्हणाला, "पावणं, ह्यात काय?"

"मुशी."

"एवढी लांबडी? एक सीट खाल्ली की हिनं! तिकीट काढायला लागंल." मग एस.टी.भर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वय काय म्हनायचं बाईंचं? लहान असतील तर हाफ लावतो."

सगळी एस.टी. हसली. दादा हसला नाही. वयाचा प्रश्न त्याला एकदम खरा वाटला! "वय असं वरनं सांगता येत नाही," तो म्हणाला. "मणका कापायला लागतो. आत वर्तुळं असतात, झाडाच्या खोडात असतात तशी. ती मोजायची." आणि त्यानं पिशवीतून सुरी काढली.

कंडक्टर दोन पावलं मागं सरकला. "नको, नको! तुमच्या शब्दावर इस्वास हाय."

तेवढ्यात पुढच्या सीटवरची एक म्हातारी वळली. मांडीवर चांगला थोराड नातू. म्हणाली, "मास्तर, सुरी काढलीच हाय तर ह्येचा बी एक मणका बघा की! तीन वर्सं झाली, ह्येचा बा कंडक्टरला ह्येला चारच वर्साचा सांगतोय!"

०

शैलामॅडम जयसिंगपूरच्या. घरात पिढीजात व्यापार, गळ्यात लिंग, आणि घरात अंडंसुद्धा नाही. त्यांनी उभ्या जन्मात मासा तोंडात घातला नाही, पण माशाच्या तोंडात काय काय असतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यांच्या आईला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. अव्वांचा एक नियम. लेक कॉलेजातून आली की आधी मागच्या दारानं न्हाणीघर, डोक्यावरून आंघोळ, मगच स्वयंपाकघर. थंडी असो, ताप असो. वीस वर्षं!

एकदा अव्वा काही कामानं कोल्हापूरला आल्या आणि लेकीला न्यायला थेट लॅबमध्ये शिरल्या. पदर नाकाला. "शिवा शिवा, कसला वास म्हनायचा हा!"

नेमकी टेबलावर एक गाभण मुशी उघडलेली. मुशीच्या बऱ्याच जाती अंडी घालत नाहीत, पिल्लंच जन्माला घालतात. दादा पोरांना तेच दाखवत होता. बोटाएवढी पिल्लं, प्रत्येकाच्या पोटाला एक दोरी, ती दोरी आईच्या पोटात चिकटलेली.

अव्वांचा पदर हळूहळू खाली आला. त्या टेबलाजवळ आल्या. वाकल्या. "ही काय म्हनायची?"

"नाळ, अव्वा," दादा म्हणाला. "आईकडनं पिल्लाला अन्न जातं ना, तीच."

"मानसासारखी?"

"अगदी तशीच."

अव्वांनी बोट न लावता एकेक पिल्लू मोजलं. पाच लेकरांची आई ती. मग सावकाश लेकीकडं वळल्या आणि कडाडल्या, "शैला! नाळ हाय म्हंजे हे बाळंतपनाचंच काम की गं! मग वीस वर्सं मला सांगितलं का न्हाईस? उगंच थंडीत तुला न्हायाला लावलं!"

०

नर मुशी कशी ओळखायची, हे मला बंदरावर कोणी सांगितलं नव्हतं. एकदा मी एक उलटी करून बघितली आणि तसाच धावत लॅबमध्ये घुसलो. वीस मुली प्रॅक्टिकल करत होत्या. मी दारातूनच ओरडलो, "दादा! ह्येला दोन हाईत!"

दादाचं तोंड लाल. दत्तूमामा खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मॅडमनी मानसुद्धा वर केली नाही. "सगळ्याच नर मुशांना दोन असतात, बंडू," त्या म्हणाल्या. "वेळेला एकच वापरतो. चला मुलींनो, आकृतीत नावं द्या."

०

आता माझी चूक सांगतो. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, पण कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. दत्तूमामांच्या कृपेनं!

देवगडला एके सकाळी एक मुशी आली. चांगली साडेचार-पाच फुटी, फिक्या राखाडी रंगाची. मी शेकड्यांनी मुशा बघितलेल्या. त्यांच्या पाठीवर दोन पर असतात, पर म्हणजे माशाचे पंख. पुढचा मोठा आणि मागचा बारका, हे ठरलेलं. ह्या मुशीचे दोन्ही जवळजवळ सारखे! मला काहीतरी वेगळं वाटलं. मी बूथवर जाऊन कॉलेजला फोन लावला.

"दादा, दोन्ही पर सारखे हाईत बघ."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"परत सांग," दादा म्हणाला.

"दोन्ही सारखे. मागचा लय झालं तर बोटभर कमी."

"बंडू!" तो इतक्या जोरात ओरडला की बूथवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "घेऊन ये! लगेच! दुसरं काय बी आणू नको, ती आण!"

दादानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मी नववी नापास झालो तेव्हा आमच्या वडिलांच्या, आबांच्या हातातली काठी त्यानंच धरली होती. त्यानं पहिल्यांदा काहीतरी मागितलं आणि तेही इतक्या आनंदानं! म्हटलं, आपल्या दादासाठी आहे, तर साधी न्यायची नाही. बंदरावरचा सगळ्यात चांगला कापणारा गाठला आणि मुशी झकास साफ करून घेतली. मुंडकं काढलं. पर काढले. पोट काढून आतून तीनदा धुतली. शेपटी बुडातून छाटली. एकदम चकाचक! केळीच्या पानात गुंडाळली आणि ताज्या बर्फात ठेवली.

लॅबमध्ये तिघंही वाट बघत उभे होते. दादानं नवा कोट घातलेला. मॅडमच्या हातात जाडजूड पुस्तक. दत्तूमामांनी मोठं टेबल पुसून ठेवलेलं.

मी टेबलावर ठेवून पान उघडलं.

मुशी ओळखायची तर मुंडकं बघतात, दात बघतात, पर बघतात, शेपटीच्या बुडातला खळगा बघतात. आणि ती जगते कशी हे कळायला पोटातलं बघतात. हे सगळं मी देवगडला समुद्रात टाकून आलो होतो. टेबलावर एक गुळगुळीत ओंडका!

घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. शेवटी दत्तूमामांनी खाकरून विचारलं,

"सर, रस्सा का सुकं?"

मला वाटलं, दादा आता मारणार. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बंडू," तो म्हणाला, "लई छान साफ केलायस."

०

ओंडक्याचा एक तुकडा दादानं बरणीत फॉर्मॅलिन घालून ठेवला. त्यावर चिठ्ठी चिकटवली : "मुशी. देवगड. ओळख बाकी."

ह्यातलं "ओळख बाकी" मला लॅबच्या दारातूनच दिसायचं. बाकी काही दिसायचं नाही.

त्यानंतर आठवडाभरानं दादा माझ्या टेम्पोत बसला. बसला तो वर बघतच राहिला.

आरशाच्या खाली लिंबू-मिरची टांगलेली. आणि लिंबू-मिरचीच्या शेजारी एक जबडा! सगळं समुद्रात टाकताना दात तेवढे मला आवडले होते. म्हटलं, दृष्ट लागणार नाही.

"बंडू... हा कुणाचा?"

"त्याच मुशीचा. का रं?"

दादा चालत्या टेम्पोत उभा राहिला. डोकं टपावर आपटलं. तशाच डोक्यानं तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "आठ दिवस!" तो म्हणाला. "आठ दिवस मी पुस्तकं चाळतोय, आणि ह्यानं ती लिंबाशेजारी टांगलीय!"

जबड्याला मांस चिकटलेलं, वर धूर आणि अगरबत्तीची राख. तो साफ केला दत्तूमामांनी. हुपरीला त्यांच्या घरी चांदीचे पैंजण बनतात. त्यांनी घरून बारीक चिमटे आणले, पैंजणाच्या कड्या घासायचा ब्रश आणला आणि रिठ्याच्या पाण्यात जबडा घालून दोन दिवस एकेक दात घासला. वरचे दात रुंद, करवतीसारखे. खालचे बारीक, सरळ. नव्या नवरीच्या पायात घालावा असा चकाकला!

मॅडमनी फोटो काढून लांबच्या एका जाणकाराला पाठवले. उत्तर आलं : दात जुळतात, पण नुसत्या दातांवर नाव देता येणार नाही. ही जात हल्ली फार क्वचित कोणाला दिसते. अख्खा मासा हवा.

दत्तूमामांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "धाकलं सर, बरणीतल्याला पर शिवता येत्यात का बघा की. तुमच्या वळखीचा टेलर हाय न्हवं!"

०

मग दादानं मला शिकवायचं ठरवलं. माशाची ओळख म्हणजे प्रश्नांची माळ असते. अमुक आहे का? असेल तर दोन नंबरला जा. नसेल तर पाचला जा. असं जात जात शेवटी एका नावाशी पोचायचं. मला काही ते डोक्यात शिरेना.

गारगोटीला चुलतभावाचं लग्न होतं. मांडवात बसल्या बसल्या दादानं पत्रिकेच्या पाठीवर पेननं लिहिलं :

"१. मिशी आहे : २ वर जा. मिशी नाही : ५ वर जा.
२. मिशी वर वळलेली : आबा. खाली पडलेली : ३ वर जा.
३. जेवण कधी आहे हे विचारतो : ४ वर जा. विचारत नाही : हा आपला पाहुणा नाही.
४. जेवून झाल्यावरही विचारतो : गारगोटीचे मामा."

असं दहा नंबरांपर्यंत. मला तिथंच सगळं कळलं! मग आम्ही दोघं मांडवभर फिरलो आणि एकेक पाहुणा ओळखायला लागलो. मी तर नवरदेवालाही सोडलं नाही.

आणि पत्रिका खाली पडली. ती उचलली नेमकी थोरल्या काकांनी. चष्मा लावून त्यांनी सगळी वाचली. आम्ही दोघं मेल्यासारखे उभे. काकांनी स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला, कागदावर बोट ठेवलं आणि गंभीरपणे विचारलं,

"विलास, ह्यात मी कुठं बसतोय रं?"

"काका, तुमी आठ नंबरला अडकलायसा," दादा म्हणाला. "फेटा काढल्याबिगर पुढं जाता येत न्हाय."

काकांनी भर मांडवात फेटा काढला.

०

त्या लग्नावरून परत आल्यावर दादानं माझ्यासाठी एक यादी लिहिली आणि टेम्पोत स्टिअरिंगच्या समोर चिकटवली. ती अजून आहे.

"१. कापू नको.
२. दोन्ही परांची उंची मोज.
३. कापू नको.
४. शेपटीच्या बुडाचा खळगा बघ : लांबट का चंद्रकोरीसारखा?
५. नर का मादी? (दारातून ओरडू नको.)
६. बर्फात घाल. अख्खी घाल.
७. बंडू, कापू नको!"

सहा-सात वर्षं मी बंदरावर ती मुशी शोधली. किती वेळा फसलो! एकदा कोणीतरी मागचा पर शिवून मला फसवलं, एवढं माझं नाव झालं होतं. दर खेपेला दादा लॅबच्या दारात उभा असायचा. मी मान हलवली की म्हणायचा, "उद्या."

दादा म्हणतो... म्हणायचा, की मासा पळून जात नाही, माणूसच घाई करतो.

०

आठ दिवस ताप होता. नवव्या दिवशी दादा गेला. त्याहून जास्त मला सांगता येत नाही.

तेराव्याला मी पंगतीत वाढत होतो. एक पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, "एवढा शिकून शेवटी मासळीच्या मागं पळून काय मिळवलं हो त्यानं?"

माझ्या हातात आमटीची बादली होती. मी ती ओतली. त्याच्या वाटीत नाही, पायावर.

सगळे माझ्यावर धावले. आबा तेवढे जागचे हलले नाहीत. म्हणाले, "बंडू, गरम व्हती का रं?"

"व्हय, आबा."

"बरं झालं."

०

आता हा शेवटचा. ह्यानंतर मी त्या लॅबची पायरी चढलेलो नाही.

तीन महिने टेम्पो दारात उभा होता. मग पोटासाठी परत सुरू केला. माघातली एक सकाळ. देवगडच्या धक्क्यावर बाबल्या तांडेलाची होडी लागली, माल उतरला, आणि फरशीवर आडवी पडलेली, साडेचार-पाच फुटी, फिक्या राखाडी रंगाची. दोन्ही पर सारखे.

बाबल्यानं कोयता उचलला. बंदरावर मोठ्या मुशीचे आधी पर उतरवतात, तो रिवाजच आहे.

"कापू नको!" मी ओरडलो. ओरडून थांबलो नाही. सरळ तिच्यावर आडवा पडलो! मुशीची कातडी म्हणजे पॉलिश पेपर. दोन्ही कोपरं सोलून निघाली. सगळं बंदर गोळा झालं. बाबल्या कोयता धरून तसाच उभा. "मेल्या, कापूक दिणस नाय, मगे तुका ती व्हयी कित्याक?"

काय सांगणार! मी टेप काढली. यादी पाठ होती. पर मोजले. खळगा बघितला. उलटी केली, मादी. पोट गच्च. ओरडलो नाही.

दुपारी लॅबच्या दारात पोचलो. दार उघडलं दत्तूमामांनी. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पोत्यातून बाहेर आलेली शेपटी बघितली. शाबूत शेपटी! त्यांनी दोन टेबलं जोडली.

मॅडम आल्या. त्यांनी तेच जाडजूड पुस्तक उघडलं. पुस्तक इंग्रजी, पण त्या दिवशी त्या मराठीत वाचत होत्या, एकेक प्रश्न, मोठ्यानं, माझ्याकडं बघून.

"दुसरा पर पहिल्याच्या जवळजवळ एवढा?"

"व्हय, मॅडम. दोन बोटं कमी."

"छातीचे पर रुंद?"

"व्हय."

"वरचे दात करवतीसारखे, खालचे बारीक?"

दत्तूमामांनी कपाटातला चकाकता जबडा आणून शेजारी ठेवला. दाताला दात जुळला. "व्हय," ते म्हणाले.

"शेपटीच्या बुडाचा खळगा. लांबट, का चंद्रकोरीसारखा?"

मी खळग्यावरून बोट फिरवलं. "लांबट," मी म्हणालो.

मॅडमनी पान उलटलं. बोट एका ओळीवर ठेवलं. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि नाव वाचलं. "लॅमिओप्सिस." आपल्याकडं त्याला काही नाव नाही. मी चार वेळा म्हणून बघितलं, चौथ्यांदा जमलं.

दत्तूमामांनी जुनी बरणी खाली काढली. पैंजणाच्या कड्या उकलायच्या चिमट्यानं त्यांनी चिठ्ठीवरचं "ओळख बाकी" तेवढं खरवडून काढलं. खालची काच दिसेपर्यंत.

मग मॅडमनी दादाची वही आणली. मी तोवर ती बघितली नव्हती. त्यात ह्या मुशीची पानंच्या पानं होती. दात, कातडी, मणक्यातली वर्तुळं, त्या ओंडक्यातूनसुद्धा त्यानं एवढं काढलं होतं! शेवटच्या पानावर वर एकच शब्द लिहिलेला : "पिल्लं". खाली सगळं कोरं.

"गाभण आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी धारदार पातं माझ्यासमोर धरलं. "तू काप."

"मी न्हाय, मॅडम."

"शोधली तू, तर हे पानही तूच भरायचं. बघ." त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली.

"मॅडम, यादीत लिहिलंय..."

"यादीत काय लिहिलंय ते मला माहीत आहे, बंडू. माझ्यासमोरच लिहिली त्यानं."

मी पातं हातात घेतलं. कोपरं झोंबत होती. दाराकडं बघायचं नाही असं ठरवून मी टेबलाकडंच बघत राहिलो. घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

मागून दत्तूमामा खाकरले.

"धाकलं सर, रस्सा का सुकं?"

पहिल्यांदा मॅडम हसल्या. मग दत्तूमामा, मग मी. दादा गेल्यापासून त्या लॅबमध्ये कोणी हसलं नव्हतं. आम्ही टेबलाला धरून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. शेजारच्या वर्गातून पोरं बघायला आली.

हसू थांबल्यावर मी कापलं.

आत आठ पिल्लं होती. मी मोजली, परत मोजली. एकाचीही नाळ तुटली नव्हती.